शहाळं, पेनचाकू आणि बुडालेलं बायबल

सातवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजीला एक इंग्रजी पुस्तक मराठीत सांगत होतो. ती ओटीवर आमसुलं वाळत घालत होती. पुस्तक शाळेच्या कपाटातून आणलेलं होतं: 'द कोरल आयलंड', म्हणजे प्रवाळबेट. मुलांसाठी छोटी केलेली आवृत्ती, दर आठ-दहा पानांनंतर एक चित्र. जहाज फुटतं आणि तीन इंग्रज मुलं पॅसिफिक महासागरातल्या एका निर्जन बेटावर पोचतात. तहान लागते. धाकटा माडावर चढतो, खिशातल्या चाकूने नारळाला भोक पाडतो आणि तोंडाला लावतो.

आजीचा हात थांबला. "खिशातल्या चाकूने?"

"हो."

"शहाळं?"

"शहाळंच. आतलं पाणी लिंबाच्या सरबतासारखं लागलं त्याला."

"अरे, शहाळं तासायला कोयता लागतो. असोला नारळ असेल तर सुळाच हवा. हा लिहिणारा माड बघून आलाय का कधी?"

मला राग आला. इतकी थरारक गोष्ट चाललेली आणि हिला सोडणाची पडलीये. पण आजीचं बरोबर होतं. लेखकाने तो माड कधीच बघितला नव्हता, हे मला पंधराएक वर्षांनी कळलं. आणि त्यासोबत दुसरंही काही कळलं, ज्यासाठी हा लेख लिहितोय.

झालं असं, की ऑफिसच्या बसमध्ये रोजचे दोन तास जातात. त्या वेळात फोनवर जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचायची सवय लागली. एकदा 'कोरल आयलंड' दिसलं आणि लहानपणच्या प्रेमापोटी उघडलं. वाचताना सतत अडखळत होतो, कारण हे माझं पुस्तक नव्हतंच. कामात आम्ही एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक तपासतो. घरून ते जुनं छोटं पुस्तक मागवलं आणि तसंच करून पाहिलं. छोट्या आवृत्तीतून कापलेल्या गोष्टींत एक सूत्र होतं. निरोप देताना आई राल्फला बायबल देते आणि रोज वाच, प्रार्थना कर, असं सांगते, ते गायब. जहाज फुटतं तेव्हा ते बायबल समुद्रात जातं, तेही गायब. एक समुद्री चाचा मरताना देवाबद्दल विचारतो, गायब. शेवटी मिशनरी येतात आणि मुलांची सुटका होते. माझ्या पुस्तकात तिथे नुसतेच 'गोरे पाहुणे' आले होते.

म्हणजे लहानपणी मी ज्याला निखळ साहसकथा समजत होतो, ते ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं पुस्तक होतं. कुणीतरी त्यातला धर्म काढून टाकला होता आणि गोष्ट तरीही चालली होती. मग तो धर्म तिथे करत काय होता?

जहाजावर न गेलेला माणूस

रॉबर्ट मायकेल बॅलंटाइन १८२५ साली एडिंबरामध्ये जन्मला. त्याचे काका जेम्स बॅलंटाइन हे सर वॉल्टर स्कॉटचे मुद्रक. १८२५-२६च्या आर्थिक पडझडीत स्कॉट बुडाला आणि त्याच्याबरोबर बॅलंटाइन कुटुंबाचा पैसाही गेला. सोळाव्या वर्षी, १८४१ मध्ये, रॉबर्ट हडसन्स बे कंपनीत कारकून म्हणून कॅनडाला गेला. कातड्यांचा व्यापार, गोठलेल्या नद्या, बर्फातले मुक्काम. १८४७ मध्ये परत आला आणि पुढच्या वर्षी त्या अनुभवावर पुस्तक काढलं. १८५६ मध्ये त्याच अनुभवातून मुलांसाठी कादंबरी लिहिली, ती चालली. मग प्रकाशकाला आणखी हवं होतं. १८५७ च्या अखेरीस 'कोरल आयलंड' आलं.

कॅनडा त्याने पाहिला होता, पॅसिफिक नाही. स्कॉटलंडमध्ये बसून, दुसऱ्यांची पुस्तकं वाचून त्याने बेट उभं केलं. ब्रिटनच्या बाजारात नारळ यायचा तो सोललेला, म्हणून त्याच्या कल्पनेतल्या झाडावरही तो जवळपास तसाच लागला. ही चूक पुढे त्याच्या लक्षात आली आणि चांगलीच लागली. यापुढे जे लिहायचं ते शक्यतो स्वतः पाहून, असं त्याने ठरवलं. १८६५ च्या 'द लाइटहाउस'साठी तो उत्तर समुद्रातल्या बेल रॉक दीपगृहात काही आठवडे जाऊन राहिला. लंडनच्या अग्निशामक दलावर लिहायचं होतं तेव्हा बंबवाल्यांबरोबर फिरला. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींवर लिहिताना खाणीत उतरला.

गंमत म्हणजे या सगळ्या मेहनतीच्या पुस्तकांपेक्षा न पाहता लिहिलेलं प्रवाळबेटच टिकलं. बेल रॉकचं दीपगृह बांधणाऱ्या रॉबर्ट स्टीव्हन्सनचा नातू रॉबर्ट लुई लहानपणी बॅलंटाइनचा भक्त होता. त्याने मोठेपणी 'ट्रेझर आयलंड' लिहिलं आणि आरंभीच्या कवितेत बॅलंटाइनचं नाव मानाने घेतलं.

कथा अशी. राल्फ रोव्हर पंधरा वर्षांचा, तोच गोष्ट सांगतो. जॅक अठरा वर्षांचा, पुढारी. पीटरकिन चौदाच्या आसपासचा, विनोदी. तिघे बेटावर मजेत राहतात. मग नरभक्षक 'रानटी' लोक येतात, समुद्री चाचे येतात, राल्फला पळवून नेतात. तो सुटतो, परत येतो. तिघे मिळून अवाटिया नावाच्या मुलीला जबरदस्तीच्या लग्नातून सोडवायला जातात आणि कैद होतात. एक इंग्रज मिशनरी त्या बेटावर येतो, सरदार ख्रिस्ती होतो, मूर्ती जाळल्या जातात, मुलं सुटतात.

एक पेनीचा डाकू, एक पेनीचा देव

अशी पुस्तकं कोणाला हवी होती, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१७८० मध्ये ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सने रविवारची शाळा सुरू केली. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या मुलांना रविवारी वाचायला शिकवायचं, हा हेतू. वाचायचं काय, तर बायबल. ही चळवळ देशभर पसरली आणि तिच्यातून एक नवीनच अडचण उभी राहिली. वाचायला शिकलेलं मूल फक्त तुम्ही दिलेलंच वाचेल, याची काही खात्री नसते. ज्या डोळ्यांना शास्त्र वाचता येतं त्यांना दरोडेखोराची गोष्टही वाचता येते.

यावर तोडगा म्हणून हॅना मोर या लेखिकेने १७९५ पासून स्वस्त नीतिपर पुस्तिका काढल्या. वरून त्या बाजारात मिळणाऱ्या चटपटीत पुस्तिकांसारख्या दिसत, आत उपदेश. वर्षभरात त्यांच्या वीसेक लाख प्रती गेल्या. त्यातल्या पुष्कळ श्रीमंतांनी घेऊन गरिबांना वाटलेल्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. १७९९ मध्ये लंडनला रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी स्थापन झाली, तिने हेच काम मोठ्या प्रमाणावर चालवलं. रविवारच्या शाळेत नियमित येणाऱ्या मुलाला बक्षीस म्हणून पुस्तक द्यायची पद्धत पडली. आत चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर मुलाचं नाव. यात विकत घेणारा मोठा माणूस आणि वाचणारं लहान मूल. मोठ्याला धडा हवा, मुलाला गोष्ट. लेखकाने दोघांनाही खूश ठेवायचं. बॅलंटाइनची पुस्तकं या बाजारात चपखल बसली.

मग १८७० चा शिक्षण कायदा आला आणि गावोगावी शाळा उघडल्या. वाचणारी मुलं वाढली आणि त्यांच्या खिशातल्या पेनीवर 'पेनी ड्रेडफुल'वाल्यांचा डोळा होता. एका पेनीत दर आठवड्याला डिक टर्पिन नावाचा डाकू, गिऱ्हाइकांचे गळे कापणारा स्वीनी टॉड, पळून गेलेली पोरं. आज आईवडील रील्सबद्दल जे बोलतात, जवळपास तेच तेव्हा या कागदांबद्दल बोललं जात होतं.

ट्रॅक्ट सोसायटीने उत्तर दिलं ते त्याच किमतीत. १८ जानेवारी १८७९ ला 'बॉइज ओन पेपर'चा पहिला अंक निघाला. किंमत एक पेनी. पहिल्या पानावर काय असावं? प्रार्थना नाही, बायबलमधली कथा नाही. फुटबॉलच्या पहिल्या सामन्याची गोष्ट! अंकावर सोसायटीचं नावही नव्हतं. तिच्याच 'लेझर अवर' या दुसऱ्या मासिकाच्या कचेरीचं नाव होतं. धर्मसंस्थेचा शिक्का दिसला तर मुलं हात लावणार नाहीत, हे ओळखलं गेलं होतं.

अंकाचं काम बघणारा जॉर्ज हचिसन स्वतः श्रद्धाळू, रविवारच्या शाळांच्या कामातला माणूस. पण त्याची खरी लढाई डाकूंशी नव्हती, स्वतःच्या समितीशी होती. समितीचे सदस्य पुन्हा पुन्हा म्हणत, यात धर्म कुठाय? हचिसनचं म्हणणं असं, की मासिकाचा सूरच ख्रिस्ती असला की पुरे, पानोपानी उपदेश नको. तो टिकून राहिला. ज्यूल व्हर्न, कॉनन डॉयल आणि स्वतः बॅलंटाइन त्याच्या पानांत छापले गेले. मासिक १९६७ पर्यंत चाललं आणि त्याचा नफा सोसायटीच्या धर्मकार्याला गेला.

पण या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती. धडा हे औषध आणि साहस ही साखर. भांडण होतं ते प्रमाणाचं. साखर किती आणि औषध किती, एवढंच. माझी छोटी आवृत्ती करणाऱ्यानेही तेच मानलं असणार, म्हणून तर त्याने औषध बाजूला काढलं. मला वाटतं, हे गृहीतच चुकीचं आहे. का, ते सांगायला आधी या सगळ्या बेटांच्या मूळ बेटावर जाऊ.

शुक्रवारचा प्रश्न

डॅनियल डिफोचं 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ चं. क्रूसो फुटलेल्या जहाजावरून हत्यारं, दारू, धान्य आणतो, त्यात बायबलच्या प्रतीही असतात. पण आधी तो त्या उघडत नाही. ताप भरतो, भयंकर स्वप्न पडतं, तेव्हा उघडतो. त्याची श्रद्धा संकटातून येते आणि डळमळतेही. वाळूत एक परकं पाऊल दिसतं आणि देवावरचा त्याचा भरवसा क्षणात भीतीने पुसला जातो.

पुढे फ्रायडे येतो. क्रूसो त्याला धर्म शिकवतो: देव सर्वशक्तिमान, सैतान त्याचा शत्रू. फ्रायडे ऐकून घेतो आणि विचारतो, देव जर सैतानापेक्षा बलवान आहे, तर तो सैतानाला मारून का टाकत नाही?

क्रूसो काय करतो? ऐकू न आल्यासारखं करतो! म्हणतो, काय विचारलंस? फ्रायडे तोच प्रश्न पुन्हा विचारतो. क्रूसो काहीतरी उत्तर देतो, ते पटत नाही. शेवटी तो काहीतरी निमित्त करून फ्रायडेला लांब पाठवतो आणि एकटा प्रार्थना करतो. शिकवायला बसल्यावर आपल्यालाच किती कमी कळलंय ते कळलं, असं तो कबूल करतो.

तीनशे वर्षांपूर्वीच्या धार्मिक माणसाने हे लिहिलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्याला शिकवायचं तो प्रश्न विचारतो आणि शिकवणारा अडतो. डिफोने धड्याला हरायची मुभा दिली.

याउलट 'स्विस फॅमिली रॉबिन्सन' घ्या. बर्नचे पाद्री योहान डेव्हिड विस यांनी ती गोष्ट आपल्या चार मुलांसाठी रचली, १८१२ मध्ये त्यांच्या मुलाने ती छापली. त्यातल्या बेटावर एकाच ठिकाणी पेंग्विन आणि कांगारू सापडतात. वडिलांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठाऊक असतं. वाचायला मजा येते, पण तिथे देवावर विश्वास ठेवायला काही धाडस लागत नाही. सगळंच आयतं मिळतंय!

मरणारा चाचा

बॅलंटाइनमध्ये ही दोन्ही टोकं एकाच पुस्तकात सापडतात.

पहिलं टोक त्याच कापलेल्या प्रकरणात. राल्फ आणि 'ब्लडी बिल' नावाचा चाचा जहाजावर दोघेच उरलेत. बिल जखमी आहे, मरणार आहे. आयुष्यभर खून केलेत त्याने. तो राल्फला विचारतो, माझ्यासारख्याला काही आशा आहे का? तुझ्याकडे बायबल नाही का? नाही. ते जहाजाबरोबर बुडालं. आईने रोज वाच म्हणून सांगितलं होतं, तेही राल्फने मनापासून पाळलं नव्हतं. आता एका माणसाला त्याची खरोखर गरज आहे आणि पंधरा वर्षांचा पोरगा आठवून आठवून एकेक वचन शोधतोय. एखादं सापडतं. बिल म्हणतो, हे माझ्यासाठी कसं खरं असेल? वर वादळ येतंय. बिल मरतो. राल्फ त्याच्याबद्दल आशा बाळगतो, इतकंच. खात्री त्याला कुणी देत नाही.

हे प्रकरण मी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा चुकला. मी ख्रिस्ती नाही, फारसा धार्मिकही नाही. पण हा प्रसंग कापला तर पुस्तकात काय उरतं? तिथे धर्म औषध म्हणून आलेला नाही. तिथे तोच सगळ्यात मोठा धोका आहे. शार्क आणि तोफांपेक्षाही मोठा. छोट्या आवृत्तीने काढून टाकलं ते या साहसकथेतलं सर्वात मोठं साहस होतं.

दुसरं टोक शेवटच्या प्रकरणांत. सरदार टारारो ख्रिस्ती होतो, मूर्तींचा ढीग पेटतो, मुलांच्या बेड्या सुटतात. सगळं झटपट. इथे फ्रायडेसारखं कुणी काही विचारत नाही. बेटावरचे लोक आधी राक्षस असतात, मग एकदम सज्जन होतात. मधे माणूस होतच नाहीत. कोकणातल्या ओटीवर बसून मी स्वतःला जॅक समजत होतो. मोठेपणी वाचताना लक्षात आलं की त्या पुस्तकाच्या हिशोबात सावळ्या कातडीचा, मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या घरातला मी किनाऱ्यावरच्या गर्दीत असणार होतो. हे कळल्यावर पुस्तकावर नुसतं चिडून चाललं नाही. इतकी वर्षं त्या गर्दीतल्या एकाही चेहऱ्याकडे मी पाहिलं नव्हतं, हे जास्त टोचलं.

म्हणून त्या गर्दीचा खरा इतिहास शोधायला गेलो, तर तिथे एक माणूस भेटला. पापेइहा, रायातेआ बेटाचा. लंडन मिशनरी सोसायटीच्या जॉन विल्यम्सने १८२१ मध्ये त्याला आणि त्याच्या एका सोबत्याला आयटुटाकी बेटावर सोडलं आणि जहाज निघून गेलं. १८२३ मध्ये तो रारोटोंगावर उतरला. त्या किनाऱ्यावरच्या पहिल्या भेटीत जिवाला धोका आहे हे दिसल्यावर इतर माघारी फिरले, पापेइहा एकटा राहिला. बंदूक नाही, पाठीशी युद्धनौका नाही. सोबत तहिती भाषेतलं छापील शास्त्र आणि जवळपासच्या बेटांची बोली कळण्याइतका कान. त्याने तिथेच घर केलं, सरदाराच्या मुलीशी लग्न केलं आणि १८६७ मध्ये तिथेच वारला. पॅसिफिकमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवण्याचं बरंचसं काम असल्या स्थानिक शिक्षकांनी केलं, गोरे मिशनरी पुष्कळदा मागाहून आले. बॅलंटाइनच्या पुस्तकातही असा एक स्थानिक शिक्षक आहे, चांगला माणूस म्हणून रंगवलेला. पण गोष्ट त्याची नाही. तो तीन इंग्रज मुलांच्या गोष्टीत पाहुणा आहे.

त्याने जुने देव मोडायला लावले ते योग्य की अयोग्य, यावर आज त्या बेटांवरही एकमत नसेल. पण अनोळखी किनाऱ्यावर, आपल्याला मारतील की काय हे माहीत नसताना, केवळ विश्वासावर एकटं उतरणं याला साहस म्हणायचं नाही तर कशाला?

त्याच वर्षी, मराठीत

आता १८५७ या सालाकडे परत. बॅलंटाइन स्कॉटलंडमध्ये नारळाची कल्पना करत होता त्याच वर्षी मराठीत बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते नाव शाळेत पाठ करतो, वाचत कुणी नाही. पदमनजी बेळगावचे, १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. त्याआधी १८४१ मध्ये बन्यनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हरी केशवजींनी 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणलं होतं. म्हणजे देवाच्या शोधातला प्रवास हा साचा मराठी वाचकासमोर आलेला होता.

'यमुनापर्यटन' हे मुलांचं पुस्तक नव्हे आणि त्यात चाचेही नाहीत. पण सांगाडा ओळखीचा आहे: प्रवास, संकटं, वाटेत भेटणारी माणसं आणि शेवटी ख्रिस्ती धर्म. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांच्या हकिगती ऐकतात. पुढे विनायक मरतो, यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. हा शेवट लेखकाने आधीच ठरवलेला आहे, बॅलंटाइनच्या सरदारासारखाच.

तरी फरक आहे. केशवपन, उपास, घरातल्या घरात होणारे हाल, हे पदमनजींनी आसपास पाहिलेलं होतं. म्हणून धर्मांतर न पटणाऱ्या वाचकालाही त्यातल्या बायका खोट्या वाटत नाहीत. बॅलंटाइनला दीपगृहात जाऊन जे मिळवावं लागलं, ते पदमनजींच्या अंगणातच होतं. त्या विधवांचे प्रश्न इतके खरे आहेत, की लेखकाने दिलेलं उत्तर त्यांना पुरं पडत नाही. माझ्या मते पुस्तक जगतं ते त्यामुळे.

सूड आणि दुसरी वाट

शंभर वर्षांनी बॅलंटाइनला जाब विचारला गेला. विल्यम गोल्डिंग सॅल्सबरीच्या एका शाळेत शिक्षक होता. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हाही हजर होता. माणसं माणसांचं काय करतात ते त्याने पाहिलं होतं, आणि वर्गातली पोरंही रोज बघत होता. १९५४ मध्ये त्याचं 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' आलं. पुन्हा बेट, पुन्हा इंग्रज मुलं. त्यातल्या दोघांची नावं मुद्दाम तीच: राल्फ आणि जॅक. पण यावेळी रानटी लोक होडीतून येत नाहीत. मुलंच एकमेकांना मारू लागतात. शेवटी आलेला नौदल अधिकारी त्या जळत्या बेटाकडे बघून 'कोरल आयलंड'ची आठवण काढतो. त्याला काहीच कळलेलं नसतं.

याला बहुतेक लोक धार्मिक साहसकथेचा अंत समजतात. मला तसं वाटत नाही. गोल्डिंगच्या पुस्तकात पाप आहे, बळी आहे, सायमन नावाचा संतासारखा मुलगा आहे. वाईट बाहेरून येत नाही, आतच असतं, ही तर जुनी ख्रिस्ती शिकवण. बॅलंटाइन तोंडाने ती शिकवत होता, पण आपल्या तीन गोऱ्या मुलांना मात्र त्याने तिच्यातून सूट दिली होती. गोल्डिंगने ती सूट काढून घेतली.

त्याच दशकात दुसरी वाट सी. एस. लुईसने काढली. नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ मध्ये आली. लहानपणी देवाबद्दल अमुकच वाटलं पाहिजे असं सांगितल्यामुळेच आपल्याला ते वाटेनासं झालं, असं लुईसने पुढे एका लेखात लिहिलं आहे. म्हणून त्याने चर्चचे रंग पुसून गोष्ट दुसऱ्याच जगात नेली. त्याचा एडमंड मिठाईसाठी भावंडांना फितूर होतो आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते. बायबल न वाचलेल्या मुलालाही ती किंमत कळते. हचिसनचा समितीशी चाललेला वाद लुईसने असा सोडवला: साखर आणि औषध वेगळं ठेवलंच नाही.

मराठी पोरांच्या वाट्याला आलेल्या बोधकथांच्या शेवटी ठळक अक्षरांत 'तात्पर्य' असायचं. परीक्षेत त्याला दोन गुण. तात्पर्य पाठ केलं की गोष्ट न वाचताही भागायचं. आमच्या पिढीने मग उलट केलं, तात्पर्य दिसलं की गोष्टच सोडून दिली. दोन्हीत नुकसान सारखंच, कारण फ्रायडेचा प्रश्न दोघांच्याही हाती लागत नाही.

मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा आजीला सांगितलं, "तुझं बरोबर होतं. त्या लेखकाने माड बघितलाच नव्हता."

तिला आधी आठवेना. मग आठवलं आणि हसली. "मग नंतर तरी बघितलान का?"

"माड नाही. पण पुढच्या पुस्तकासाठी समुद्रातल्या दीपगृहात जाऊन राहिला."

"बरं केलंन."

मग मी तिला बिलची गोष्ट सांगितली. बुडालेलं बायबल, वादळ, पोराला न आठवणारी वचनं. ती बराच वेळ गप्प होती.

"सुटला का तो शेवटी?"

"पुस्तकात नाही सांगितलेलं. त्या मुलाला वाटतं, सुटला असेल."

"तू मला तेव्हा हे सांगितलंच नाहीस."

"माझ्या पुस्तकात नव्हतं, आजी."

"आता आहे ना? वाच मग."

मी फोन काढला, ते प्रकरण शोधलं आणि पहिल्या वाक्यापासून तिला मराठीत सांगायला लागलो.